औटाची चिठ्ठी

“औट!”

रज्जाकभाईंनी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि परत वाचली. “औट. बस्स, एवढंच लिहिलंय.”

चांगदेव कंडक्टर खो खो हसला. “घ्या! गेली की विकेट!” असं म्हणून त्यानं उमाकांतकडं बघितलं.

उमाकांत सुरवसे माझा पहिलीपासूनचा दोस्त. बार्शीत टेनिस बॉलची कुठलीही मॅच असो, अंपायर हाच. औट हा शब्द अख्ख्या गावात त्याच्याइतका कुणी उच्चारत नसेल. त्याचे कान लाल झाले आणि तो फरशीकडं बघत बसला.

मी हसलो नाही. टेपवर जी बाई आत्ताच गाऊन थांबली होती ती माझी आई होती. तिला जाऊन सात महिने झाले होते. आणि माझ्या समजुतीनं ही गोष्ट त्या दुकानात माझ्याशिवाय एकट्या उमाकांतला ठाऊक होती.

हे सगळं चौऱ्याऐंशी सालचं. रज्जाकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि रविवारी सकाळी नऊला तिथं आमचं ‘कानसेन मंडळ’ भरायचं. मंडळ म्हणजे काय, तर आम्ही पाच टाळकी. दर रविवारी पाळीपाळीनं एकानं आपल्या आवडीचं एक गाणं आणायचं, बाकीच्या चौघांनी डोळे मिटून ऐकायचं आणि चिठ्ठीवर गुण लिहायचे. चारपैकी. दहापैकी ठेवले की माणूस उगीच पाच-सहा देऊन मोकळा होतो, असं रज्जाकभाईंचं म्हणणं. पाव, अर्धा, पाऊण चालायचा. वाटलं तर एखादा शेरा. नाव मात्र लिहायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि दुकानातल्या एकाच पेन्सिलीनं लिहायचं. चिठ्ठ्या म्हणजे सिगारेटच्या पाकिटांचे कापलेले पुठ्ठे. त्या बिस्किटाच्या डब्यात पडायच्या, रज्जाकभाई एकेक वाचायचे आणि भिंतीवरच्या तारेत खोचून टाकायचे.

निम्मी मजा त्या शेऱ्यांतच होती. चांगदेवच्या एका लाडक्या गाण्याला कुणीतरी ‘घाटात गाडी बंद’ लिहिलं होतं, तर तो पंधरा दिवस धुमसत होता. मला एकदा कुणीतरी नुसतंच ‘लाभ’ असं लिहिलं होतं. आकडा नाही, काही नाही. रज्जाकभाई म्हणाले, “दिगूशेठ, तुमच्या गाण्यानं कुणाला तरी लाभ झाला, अजून काय पाहिजे?” ती चिठ्ठी मी तारेतून काढून घेतली आणि घरी देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली. सांगायला लाज वाटते, पण ठेवली.

पाचवे म्हणजे निवृत्तीआबा. मार्केट यार्डातले जुने मापाडी, तेव्हा सत्तरीला आलेले. धोतर, टोपी, तोंडात सुपारी. बोलणं जवळजवळ नाहीच. गाणं ऐकायचे, चिठ्ठी टाकायचे आणि चिठ्ठ्या वाचायला सुरुवात व्हायच्या आत उठायचे. “म्हातारी वाट बघती,” एवढंच म्हणायचे. बायको लकव्यानं अंथरुणाला खिळली होती आणि तिला न्हाऊमाखू घालायचं काम ते स्वतः करायचे. त्यामुळं त्यांना शेरे काय माहीत, शेऱ्यांवरची भांडणं काय माहीत!

आता आईची टेप. माझी आई, सरूबाई, यार्डात अडतीवर तूर चाळायला जायची. वडील मी तीन वर्षांचा असताना गेले, तिनं चाळणीवर मला वाढवलं. चाळताना ती ओव्या म्हणायची, घरी निवडणं-टिपणं करतानाही म्हणायची. शेवटच्या आजारात उमाकांतनं त्याच्या मेहुण्याचा मस्कतचा टेपरेकॉर्डर आणला आणि मी ड्युटीवर असताना तिला गायला लावून टेप भरून घेतली. तेवढाच तिचा आवाज जगात शिल्लक राहिला. साडेसहा मिनिटं, आणि शेवटी खट्.

ती टेप मंडळात लावायचं धाडस मला सात महिन्यांनी झालं. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आई म्हणून कुणी गुण द्यायला नकोत, गाणं म्हणून द्यावेत. “एका बाईच्या ओव्या आहेत,” एवढंच म्हणालो आणि बटण दाबलं. चार चिठ्ठ्या पडल्या. एक तीन, एक पावणेतीन, एक चार. आणि ही एक.

मी पुढं झालो आणि रज्जाकभाईंच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. “ही मी ठेवतो.”

“अरे, तारेला लावायची असते.”

“राहू द्या.”

बाहेर पडल्यावर उमाकांत माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. तिथं म्हणाला, “काही लोकांना कळतच नाही रे.”

“कुणाला?”

“असंच आपलं. तू त्या चिठ्ठीचं काय करणार?”

बघा बरं! चिठ्ठीची त्याला काय पडली होती? मी म्हणालो, “काही नाही, फाडून टाकणार.” आणि खिशात ती मुठीत घट्ट धरून ठेवली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी पोस्टात सॉर्टर होतो. निम्म्या तालुक्याचं अक्षर माझ्या डोळ्यांखालून जायचं. पाकीट हातात आलं की पाठवणाऱ्याचं नाव न वाचता सांगायचो, पैजा जिंकायचो. अक्षर ओळखण्यात माझा हात कोण धरणार, असा माझा तोरा. त्या रात्री चिठ्ठी समोर ठेवून बसलो. दोनच अक्षरं. जाड, ठासून लिहिलेली, ‘ट’ची शेपटी खाली ओढलेली. ओळखीची वाटत नव्हती. पण अक्षर लपवायचं म्हणून मुद्दाम लिहिलं तर असंच लिहिणार ना माणूस?

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी उमाकांतच्या घरी गेलो. “तुझी स्कोअरची वही दे जरा. परवाच्या मॅचवरून पोस्टात पैज लागलीय.”

त्यानं दिली. लगेच दिली, हेही मला खटकलं. मी त्याच्या ओट्यावर बसून पानं उलटली. पान भरून तेच. औट. औट. झेलबाद औट. धावबाद औट. ‘आउट’ असं एकदाही नाही, सगळीकडं ‘औट’च. आणि ‘ट’ची शेपटी? कधी लांब, कधी आखूड. मी लांब तेवढ्या मोजल्या.

“सापडलं का?” त्यानं आतून विचारलं.

“सापडलं,” मी म्हणालो.

त्याची आई चहा घेऊन आली. मी चहा न घेता उठलो. त्या घरातला चहा मी जन्मात पहिल्यांदा नाकारला. उमाकांत दारापर्यंत आला, “काय झालं रे तुला?” म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणालो, “ॲसिडिटी.”

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. पत्रांचे गठ्ठे चुकीच्या खणात जायला लागले. का केलं असेल त्यानं? आई त्याला माझ्याच ताटात जेवायला वाढायची. त्याच्या घरी सावत्रपणाची धुसफूस असायची तेव्हा हा महिना महिना आमच्याकडं झोपायचा. मग? मग मला जुनं एकेक आठवायला लागलं. शाळेत असताना आई एकदा म्हणाली होती, “उमाचा गळा गोड, तुझा म्हणजे फुटका डबा.” त्याचा ह्याला गर्व झाला असेल. टेप ह्यानं भरली, मंडळात लावली मी, त्याचा राग आला असेल. शोधायला बसलं की काय सापडत नाही! सुतावरून मी स्वर्ग नव्हे, नरक गाठला.

आणि दुकानातल्या त्या तारेकडं, जिथं सगळ्यांची सगळ्या वर्षाची अक्षरं खोचलेली होती, तिकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. गरजच वाटली नाही.

पुढच्या रविवारी पाळी चांगदेवची होती. गाणं झालं. आबा चिठ्ठी टाकून गेले. रज्जाकभाईंनी डबा उघडला, तसा मी म्हणालो, “थांबा. आधी मला एक विचारायचंय.” खिशातनं ती चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. “उमाकांत, हे तूच लिहिलंस ना?”

रज्जाकभाई म्हणाले, “ए दिगू, विचारायचं नाही, कायदा आहे आपला.”

“कायदा गेला खड्ड्यात. ती माझी आई होती.”

चांगदेवचं हसू तोंडातच विरलं. रज्जाकभाईंनी हळूच डब्याचं झाकण लावलं.

“ती आई आहे हे ह्याला एकट्याला ठाऊक होतं,” मी म्हणालो. माझा आवाज चढत गेला. “आणि तरी ह्यानं असं लिहिलं. जिच्या हातचं खाऊन वाढला, तिला! मेल्यावर!”

उमाकांत उठला. चिठ्ठी उचलून त्यानं जवळून बघितली आणि परत ठेवली. मला वाटलं आता चिडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दिग्या,” तो म्हणाला, “मी औट देतो ना, तेव्हा बोट वर करून देतो. चार लोकांसमोर. चिठ्ठीत लपून देत नाही.”

“मग कुणी दिलं?”

“ते मला माहीत नाही. तुला मात्र माझं नाव बरं पटकन सुचलं.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. मंडळात परत आला नाही. आमच्या घरावरून त्याचा रोजचा रस्ता होता, तो त्यानं बदलला. बाजारात समोरासमोर आलो तर तो पलीकडच्या बाजूला जायचा. मी मनात म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं.

असे चार महिने गेले. आईची टेप मी कपाटात ठेवून दिली. ऐकायला घेतली की ते औट आधी ऐकू यायचं.

दिवाळीतल्या रविवारी मंडळात आम्ही चौघंच. पाळी रज्जाकभाईंची. गाणं संपलं, चिठ्ठ्या पडल्या, आणि निवृत्तीआबा उठले नाहीत.

“काय आबा, आज घाई नाही?” चांगदेवनं विचारलं.

“लेक आलीया दिवाळीला. म्हातारीचं ती बघती. म्हटलं आज ऐकावं कोण काय लिवतंय.”

रज्जाकभाईंनी पहिली चिठ्ठी उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. “लाभ! वा! हमको भी मिला!”

“नशीबवान आहात,” मी म्हणालो. “वर्षात दोघांनाच मिळालाय.”

आबांनी सुपारी गालात सरकवली. “नशीबवान कसला? एक गुन दिलाय मी. लई ढणढण हुती गाण्यात.”

“एक?” चांगदेव म्हणाला. “लाभ म्हणजे एक?”

“मग? मापाडी कवा एक म्हणतो व्हय? पयलं माप पडलं की लाभ. मग दोन, मग तीन. लक्षुमीला एक म्हणून मोजायचं नसतंय.”

चांगदेव टाळ्या पिटायला लागला. मलाही हसू आलं. चारपैकी एक गुण मी देवाच्या फोटोमागं जपून ठेवला होता! “आबा,” मी म्हणालो, “बरं झालं सांगितलंत. अजून काय काय आहे तुमच्या मापात?”

“काय न्हाई, जुनंच आपलं. पंतोजीनं छड्या मारून पाठ करून घेतल्याली पावकी, निमकी, दीडकी. सव्वा, दीड, अडीच, औट.”

“औट?”

“औट. साडेतीन. औटकी न्हवती व्हय तुमच्या साळंत?”

नव्हती. आम्ही शाळेत गेलो तोवर किलो आणि मीटर आले होते. रज्जाकभाईंची शाळा उर्दू. चांगदेवला बाराचा पाढा येत नव्हता.

मी तारेजवळ गेलो. एकेक पुठ्ठा सरकवत गेलो. जाड, ठासून लिहिलेलं अक्षर: अडीच. दीड. सव्वादोन. अडीच. पुढं पुन्हा दीड. सगळं अक्षरांत, आकडा कुठंच नाही, आणि ‘दीड’च्या ‘ड’ची शेपटी खाली ओढलेली. निम्म्या तालुक्याचं अक्षर ओळखणारा मी! ज्याला पत्र येत नाही आणि ज्याचं पत्र जात नाही, तो माणूस माझ्या खिजगणतीतच नव्हता.

“आबा,” मी म्हणालो, “त्या बाईच्या ओव्यांना औट तुम्ही दिला?”

“दिला की. दुसऱ्या कुनाला दिलाय व्हय आजवर? अडीचाच्या म्होरं माझा हात जात न्हाई.”

“मग अर्धा का कापलात?”

“माप पुरं न्हवतं,” आबा म्हणाले. “शेवटची ओवी कुठाय? सरूबाई ती म्हटल्याबिगर चाळणी खाली ठेवायची न्हाई. पंधरा वर्सं ऐकली मी. आवाज कानावर पडला तवाच वळीखलं. पन तुमचा कायदा, नाव घ्यायचं न्हाई. न्हाई घेतलं.”

“कुठली ओवी?”

आबांनी इकडंतिकडं बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जाड्याभरड्या आवाजात म्हटली:

“माझ्या गं उंबऱ्याशी चपलांची दोन जोडी,
दिगू माझा, उमा माझा, कशी करू तोडातोडी.”

ही ओवी मी कधी ऐकली नव्हती. घरी आम्ही दोघं समोर असायचो, म्हणून म्हणत नसेल. टेपच्या शेवटचं ते खट् मला आठवलं. टेप संपली असेल, सेल उतरले असतील, असं मी धरून चाललो होतो. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि रडलो. रज्जाकभाईंनी दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं, रस्त्यावरच्यांना दिसू नये म्हणून.

उमाकांत कुठं असणार ते विचारायची गरज नव्हती. कॉलेजमागच्या मैदानावर दिवाळीच्या मॅचेस चालू होत्या. मी चिठ्ठी घेऊन सरळ पिचवर गेलो. बॉलर धावत येत होता, तो थांबला. पोरं ओरडायला लागली.

“मॅच चालू आहे,” उमाकांत म्हणाला. “बाहेर हो.”

“औट म्हणजे साडेतीन,” मी म्हणालो. “आबांनी दिले होते. अर्धा कापला, कारण शेवटची ओवी टेपवर नव्हती. तूच बटण दाबलंस ना?”

तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी माझं नाव घ्यायला लागल्या. म्हटलं, आई तुझी, टेप तुझ्यासाठी. त्यात माझं नाव कशाला? केलं बंद.”

“उम्या, मी...”

“त्या दिवशी डब्यात एक चारही निघाला होता,” तो म्हणाला. “चारपैकी चार. तो कुणाचा असेल, असं चार महिन्यांत एकदाही तुझ्या मनात आलं नाही?”

नव्हतं आलं. तो चार मी चांगदेवचा धरला होता.

“बाहेर हो,” तो म्हणाला आणि बॉलरला हातानं खूण केली.

मी सीमेवरच्या लिंबाखाली जाऊन बसलो. अंपायरिंगला तो कॅनव्हासचे बूट घालायचा, त्याच्या चपला तिथं पिशवीशेजारी काढलेल्या होत्या. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी एकाच दुकानातनं, एकाच मापाच्या घेतल्या होत्या. ओळखायची खूण एकच, माझ्या डाव्या चपलेचा अंगठा पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला. मीही चपला काढून मांडी घालून बसलो. मॅच दोन तास चालली. त्यानं एकदाही इकडं बघितलं नाही. चार जणांना औट दिलं, दरवेळी बोट वर करून.

मॅच संपली. तो आला, बूट काढून पिशवीत टाकले, पायात चपला सरकवल्या आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बसून राहिलो. मनात म्हटलं, संपलं. आईनं जे तोडायचं नाही म्हटलं, ते मी तोडलं.

मग उठलो, चपला घालायला गेलो, तर डावी माझी नव्हती. पिवळा दोरा त्याच्या पायात गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. उंबऱ्याबाहेर उमाकांत उभा, डाव्या पायात माझी चप्पल. कपाळाला आठ्या होत्याच. “ही तुझी आलीय माझ्याकडं,” तो म्हणाला. “बदलून दे.”

“आत तर ये,” मी म्हणालो. “चहा टाकतो.”

त्यानं पायातल्या चपला उंबऱ्याशी काढल्या आणि आत आला.

चाळीस वर्षं झाली त्याला. संशय घ्यायची माझी खोड त्या दिवाळीत कायमची गेली. एक सोडून. ती डावी चप्पल त्यानं चुकून घातली की मुद्दाम, हा संशय मला अजून आहे, आणि तो मात्र मी फिटू देणार नाही.